‘संदर्भ : ज्ञानेश्वरी’ एवढ्याने का भागत नाही? धर्म-अभ्यासाच्या निबंधात ग्रंथांचे दाखले कसे द्यावेत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास, संस्कृत आणि तत्त्वज्ञान या विषयांचे विद्यार्थी दरवर्षी संतसाहित्यावर, एखाद्या तीर्थक्षेत्रावर, पंथावर किंवा धर्मग्रंथातील एखाद्या कल्पनेवर प्रकल्प आणि लघुप्रबंध लिहितात. त्यांतले कित्येक मनापासून लिहिलेले असतात. पण शेवटचे पान उघडले की ‘संदर्भ : ज्ञानेश्वरी, तुकाराम गाथा, बायबल, इंटरनेट’ अशी एक ओळ दिसते, आणि मजकुरात उद्धृत केलेली ओवी कोणत्या अध्यायातली, कोणत्या आवृत्तीतून घेतलेली, की एखाद्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरून उतरवलेली, हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

हे केवळ गुण कापले जाण्यापुरते नाही. संदर्भ देणे म्हणजे मी जे वाचले ते तुम्हालाही त्याच ठिकाणी वाचता येईल असे वाचकाला दिलेले वचन आहे. धर्मग्रंथांच्या बाबतीत ते पाळणे इतर पुस्तकांपेक्षा अवघड जाते, कारण हे ग्रंथ शेकडो वर्षे पाठांतराने, हस्तलिखितांनी आणि मग छापखान्यांनी पुढे आलेले आहेत, आणि एकाच नावाखाली अनेक पाठ (म्हणजे मजकुराची वेगवेगळी रूपे), अनेक क्रमांकपद्धती आणि अनेक भाषांतरे प्रचलित आहेत. म्हणून ग्रंथातले स्थान आणि हातातली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही सांगाव्या लागतात. या लेखातले बाकीचे सगळे या एका वाक्यातून निघते.

स्थान आणि प्रत

कादंबरीचा किंवा समीक्षाग्रंथाचा दाखला आपण पृष्ठक्रमांकाने देतो. धर्मग्रंथाचा दाखला प्रामुख्याने त्या ग्रंथाच्या अंगभूत विभागणीने द्यायचा असतो, कारण पृष्ठक्रमांक प्रत्येक छपाईत बदलतो, अध्याय आणि श्लोक मात्र बहुतांशी टिकून राहतात. शेत ‘विहिरीजवळचे’ म्हणून सांगितले तर फक्त गावातल्या माणसाला सापडते, गट क्रमांक सांगितला तर कोणालाही सापडते. अध्याय, श्लोक, ओवी यांचे क्रमांक हे ग्रंथाचे गट क्रमांक होत. त्यामुळे ‘गीता, पृ. ५४’ असे न लिहिता ‘भगवद्गीता २.४७’ असे लिहावे, म्हणजे वाचकाच्या घरी कोणतीही प्रत असली तरी तो दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकापर्यंत पोहोचतो. ऋग्वेदासाठी मंडल, सूक्त आणि ऋचा असे तीन अंक लागतात (गायत्री मंत्र ३.६२.१०), दासबोधासाठी दशक, समास आणि ओवी, उपनिषदांसाठी त्या त्या उपनिषदाची विभागणी. छांदोग्य उपनिषदातले ‘तत्त्वमसि’ हे वाक्य सहाव्या अध्यायात एकदा नव्हे, नऊ वेळा येते. तेव्हा केवळ ‘छांदोग्य ६’ असे लिहिणाऱ्याने श्वेतकेतूला दिलेल्या कोणत्या दृष्टान्ताशेजारचे वाक्य घेतले हे सांगितलेले नसते. ‘६.८.७’ असे लिहिले की शंका उरत नाही.

तरीही केवळ स्थान सांगून काम संपत नाही, आणि नेमकी इथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. गीतेच्या तेराव्या अध्यायाचे उदाहरण घ्या. काही आवृत्त्यांत हा अध्याय ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ या अर्जुनाच्या प्रश्नाने सुरू होतो आणि त्यात ३५ श्लोक भरतात. इतर आवृत्त्यांत तो प्रश्न नाही आणि श्लोक ३४ आहेत. गीतेचे एकूण श्लोक ७०० की ७०१ हा फरक त्यातूनच येतो. परिणाम असा की एका आवृत्तीतला १३.८ हा दुसऱ्या आवृत्तीत १३.७ असतो, आणि आवृत्ती न सांगता दिलेला दाखला वाचकाला शेजारच्या श्लोकावर नेऊन सोडतो. महाभारतात हे अंतर आणखी वाढते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक हस्तलिखिते ताडून तयार केलेल्या चिकित्सक आवृत्तीत भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते, तर प्रचलित पाठाच्या आवृत्त्यांत तीच २५ ते ४२ या अध्यायांत येते. दोन्ही क्रमांक बरोबर आहेत. कोणती आवृत्ती हे सांगितले नाही तरच ते चुकीचे ठरतात.

इतर धर्मांच्या ग्रंथांतही हाच प्रकार आढळतो. बायबलचा दाखला पुस्तक, अध्याय आणि वचन असा देतात, उदाहरणार्थ मत्तय ५.३. पण प्रोटेस्टंट परंपरेत ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके आहेत, आणि ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र हिब्रू क्रमाने २३वे असले तरी ग्रीक आणि लॅटिन परंपरेच्या जुन्या क्रमाने २२वे येते. नवापूर परिसरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच तिथे कोणते मराठी भाषांतर वाचले जाते हे विचारून त्याचीच नोंद करावी. पंडिता रमाबाईंचे १९२४ साली छापून पूर्ण झालेले भाषांतर आणि बायबल सोसायटीचे भाषांतर यांची शब्दकळा वेगवेगळी आहे. कुराणासाठी सूरह आणि आयत यांचे क्रमांक देतात, जसे २.२५५, मात्र ‘बिस्मिल्लाह’ ही स्वतंत्र आयत मोजायची की नाही यावरून काही आवृत्त्यांत क्रमांक एकाने सरकतो. धम्मपदात ४२३ गाथा सलग क्रमांकाने येतात, त्यामुळे वैराने वैर शमत नाही ही गाथा ‘धम्मपद ५’ एवढ्यानेच सापडते. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर आणि श्वेतांबर पाठांत सूत्रांची संख्या सारखी नाही, म्हणून तिथे पाठ सांगावा. गुरू ग्रंथसाहिबाची गोष्ट मात्र निराळी आहे: त्याच्या प्रमाण छापील प्रतींत १४३० पृष्ठे ठरलेली आहेत, त्यांना ‘अंग’ म्हणतात, आणि कोणतीही प्रमाण प्रत उघडली तरी तीच रचना त्याच अंगावर सापडते. नामदेवांची ६१ पदे या ग्रंथात आहेत. त्यांवर लिहिणाऱ्याने अंगाचा क्रमांक द्यावा, कारण इथे पृष्ठक्रमांक हाच स्थाननिर्देश आहे.

ज्ञानेश्वरी आणि गाथा

आपल्याकडचे सर्वाधिक निबंध या दोन ग्रंथांभोवती फिरतात, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

ज्ञानेश्वरीचा काळ ग्रंथातच शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, असा दिलेला आहे. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्याची नोंदही ओवीबद्ध करून ठेवली. त्या ओव्यांमधली ही एक धर्म-अभ्यासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अशी भर म्हणजे अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे करवंटी. यावरून दिसते की मूळ पाठात स्वतःची ओवी घुसडण्याचा प्रकार एकनाथांच्या काळीही होत होता, आणि त्याबद्दल त्यांना एवढी कळकळ वाटली की त्यांनी पुढच्या पिढ्यांना तसे बजावून ठेवले. आज या ओवीचा दाखला देताना ती ज्ञानेश्वरांची नाही, एकनाथांच्या शुद्धीकरणानंतर ग्रंथाला जोडलेली आहे, हे लिहिणे आवश्यक आहे. ती प्रतीच्या शेवटी छापलेली असते म्हणून ‘ज्ञानेश्वर म्हणतात’ असे लिहिणे बरोबर होणार नाही.

पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्यांना सापडलेल्या एका जुन्या हस्तलिखितावरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिची भाषा आणि ओव्यांची संख्या सांप्रदायिक प्रतींपेक्षा वेगळी आहे. त्यामुळे ‘आतां विश्वात्मकें देवें’ या पसायदानाच्या पहिल्या ओवीचा क्रमांकसुद्धा सर्व प्रतींत एक नाही. काही प्रतींत ती अठराव्या अध्यायातली १७९४वी आहे, तर काहींत हा अंक मागेपुढे होतो. विद्यार्थ्याने यांतली कोणती प्रत ‘खरी’ याचा निवाडा करण्याची गरज नाही. त्याने एकच प्रत निवडावी, तिच्या संपादकाचे नाव, प्रकाशक आणि वर्ष एकदा स्पष्ट नोंदवावे, आणि निबंधभर तीच वापरावी. अर्धे दाखले सांप्रदायिक प्रतीतून आणि अर्धे राजवाडे प्रतीतून घेतले, तर एकाच निबंधात दोन वेगवेगळ्या काळांची मराठी शेजारी शेजारी उभी राहते आणि भाषेवरून काढलेला कोणताही निष्कर्ष ढासळतो.

तुकारामांच्या गाथेत तर ओवीक्रमांकाइतकाही आधार मिळत नाही. शंकर पांडुरंग पंडितांनी संपादित केलेली आणि सरकारी मदतीने निघालेली गाथा १८६९ आणि १८७३ या वर्षांत दोन भागांत छापली गेली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. नंतरच्या सांप्रदायिक आणि शासकीय गाथांत अभंगांची संख्या, क्रम आणि काही ठिकाणी शब्दही वेगळे आहेत. म्हणून ‘तुकाराम गाथा, अभंग २४८१’ असे लिहिणे म्हणजे निम्मा पत्ता देणे आहे. अभंगाचा क्रमांक, त्याच्या पहिल्या चरणाचे शब्द आणि गाथेची आवृत्ती या तिन्ही गोष्टी दिल्या, तर वाचकाजवळ दुसरी गाथा असली तरी तो तिच्या चरणसूचीत ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ शोधून अभंगापर्यंत पोहोचतो. पहिला चरण देण्याची ही रीत जुनी आहे आणि माझ्या मते मराठी संतसाहित्यापुरती ती क्रमांकापेक्षाही अधिक विश्वासाची आहे.

हे केल्याचा आणखी एक लाभ होतो. मोबाइलवर फिरणाऱ्या, ‘तुका म्हणे’ने संपणाऱ्या कित्येक ओळी गाथेच्या कोणत्याच आवृत्तीत सापडत नाहीत. चरणसूचीत शोधायची सवय लागली की अशी ओळ निबंधात शिरण्यापूर्वीच गळून पडते. संगणकावरील संवादयंत्राने (चॅटबॉटने) सुचवलेल्या संदर्भांनाही हीच कसोटी लावावी, कारण ही यंत्रे अस्तित्वात नसलेला अभंगक्रमांक आणि अस्तित्वात नसलेले पुस्तक अगदी ठाम भाषेत सांगू शकतात. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला नाही, तो तुमचा संदर्भ नाही.

बोलते कोण आहे?

दाखल्यात सर्वांत गंभीर दोष शिरतो तो क्रमांकामुळे नव्हे, तर वक्ता बदलल्यामुळे. ‘गीतेत कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन आहे’ असे वाक्य आणि खाली ‘ज्ञानेश्वरी, अध्याय ६’ अशी तळटीप अनेकदा दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग आहे, कुंडलिनीचा शब्दही नाही. ते विलक्षण वर्णन ज्ञानेश्वरांचे आहे, आणि ‘पिंडें पिंडाचा ग्रासु। तो हा नाथसंकेतींचा दंशु’ असे म्हणून त्यांनी स्वतःच ते नाथपरंपरेचे गूढ असल्याचे सांगून ठेवले आहे. येथे तळटीप बरोबर आहे आणि वाक्य चूक आहे, आणि त्या चुकीने तेराव्या शतकातल्या एका महाकवीचे स्वतंत्र योगदान आपण त्याच्याकडून काढून घेतो.

गीतेभोवतीचे मराठी साहित्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा खानदेशातून जातो. गीता हा मूळ ग्रंथ. विनोबांची ‘गीताई’ हे तिचे समश्लोकी मराठी भाषांतर. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ती ‘गीता प्रवचने’ म्हणून प्रसिद्ध झाली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हा १९१५ साली प्रसिद्ध झालेला स्वतंत्र विवेचनग्रंथ आहे. आता ‘गीता सांगते’ असे म्हणून विद्यार्थ्याने यांपैकी कोणाचे वाक्य दिले आहे? गीताईचे असेल तर ‘भगवद्गीता २.४७, मराठी अनुवाद विनोबा’ असे लिहावे. प्रवचनातले असेल तर ते विनोबांचे मत आहे, गीतेचे वचन नव्हे. आणि शिवाय ते बोललेले शब्द असून साने गुरुजींच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहेत, हेही संदर्भसूचीत दिसायला हवे. गीतारहस्यातले असेल तर टिळकांचे नाव आणि पृष्ठक्रमांक. मूळ, भाषांतर, भाष्य आणि विवेचन या चार पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की निबंधाची निम्मी शिस्त आपोआप येते.

ग्रंथाच्या नावावरूनही घोटाळा होतो. ‘चांगदेव पासष्टी’ या ६५ ओव्या चांगदेवांच्या नाहीत, चांगदेवांना उद्देशून ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या आहेत; तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरच्या चांगदेव मंदिरावर प्रकल्प करणाऱ्याने एवढे तरी तपासूनच लिहावे. जळगाव जिल्ह्यातच चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन करणाऱ्या चांगदेवाचा उल्लेख येतो. हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू. योगी चांगदेवांशी त्याचा संबंध नाही. बहिणाबाईंच्या बाबतीतही असेच होते. तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात राहिलेल्या बहिणाबाई चौधरी १८८० ते १९५१ या काळातल्या. दोघींच्या ओळी एकाच परिच्छेदात ‘संत बहिणाबाई म्हणतात’ अशा नावाखाली आलेल्या मी वाचल्या आहेत, आणि खानदेशातल्या विद्यार्थ्याकडून ही गोष्ट घडावी याचे वाईट वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेला ग्रंथ प्राथमिक साधन की दुय्यम, असा प्रश्न भुसावळ-जळगावकडचे विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. आजच्या बौद्ध कुटुंबांची श्रद्धा आणि आचरण हा विषय असेल, तर तो प्राथमिक ग्रंथ आहे. बुद्धकाळातला संघ हा विषय असेल, तर तो एका थोर अभ्यासकाने केलेला अर्थ आहे आणि त्याच्या जोडीला पालि त्रिपिटकाकडे जावे लागेल. या ग्रंथात खंड, भाग आणि परिच्छेद यांना क्रमांक दिलेले आहेत, तेव्हा दाखला त्याच क्रमांकांनी द्यावा; इंग्रजी मूळ आणि मराठी अनुवाद यांची पृष्ठे जुळत नाहीत, क्रमांकांच्या आधाराने मात्र दोन्हीकडे जाता येते.

वक्त्याइतकाच आजूबाजूचा मजकूरही महत्त्वाचा. ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ हे मनुस्मृतीतले वचन (३.५६) स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून एकटेच दिले जाते. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ (९.३) असेही म्हटले आहे. दोन्ही वचने देऊन पहिले कोणत्या प्रकरणात येते, कोणाला उद्देशून आहे, हे सांगणारा विद्यार्थी अभ्यास करतो. एकच वचन उचलणारा, मग ते कौतुकासाठी असो की टीकेसाठी, केवळ आपले मत सजवतो. दाखला अचूक असूनही दिशाभूल करणारा असू शकतो, म्हणून श्लोक उद्धृत करण्यापूर्वी त्याच्या आधीचे आणि नंतरचे दहा श्लोक वाचलेच पाहिजेत.

दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेले वचन

तुम्ही ऋग्वेद उघडलेला नाही, पण एखाद्या समीक्षाग्रंथात नासदीय सूक्ताची ओळ वाचली आणि ती निबंधात घेतली. अशा वेळी ‘ऋग्वेद १०.१२९’ असे लिहून मोकळे होऊ नये. ‘ऋग्वेद १०.१२९, अमुक ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक’ असे प्रामाणिकपणे लिहावे. त्यात कमीपणा नाही. उलट त्या लेखकाच्या भाषांतरात काही चूक असेल तर ती तुमच्या माथी येत नाही. शक्य असेल तेव्हा मूळ ग्रंथ मिळवून ताडून पाहावा, आणि खानदेशात ते अनेकदा शक्य असते. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराची परंपरा आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे ग्रंथालय आहे.

हस्तलिखिताचा दाखला देताना संस्थेचे नाव, बाडाचा किंवा पोथीचा नोंदणी क्रमांक आणि पत्राचा क्रमांक द्यावा; पोथीचे पत्र दोन्ही बाजूंनी लिहिलेले असते, म्हणून ‘पत्र १२ अ’ किंवा ‘१२ ब’ असे म्हणावे. शेवटच्या पत्रावर लेखनिकाने आपले नाव, गाव आणि शक लिहिलेला असला तर तोही उतरवून घ्यावा. पोथी नीट लिहिणे हे धार्मिक कर्तव्य मानले जाई, आणि रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. या कामाची गोडी लागण्यासाठी तो समास प्रत्येकाने वाचावा. शिलालेखाला लेखाचे ठिकाण, काळ, तो कोठे प्रसिद्ध झाला ते नियतकालिक आणि ओळीचा क्रमांक एवढे पुरते. खानदेशचे १८८० चे ब्रिटिशकालीन गॅझेटियर वापरताना ते सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेले आहे हे लक्षात ठेवून, त्यातल्या जातीपंथांविषयीच्या विधानांना आजचे सत्य म्हणून उद्धृत करू नये.

शैली, आदर आणि नियम

एपीए, एमएलए, शिकागो अशा संदर्भ लिहिण्याच्या ज्या शैली विभाग सांगतो, त्यांच्यात स्वल्पविराम कोठे आणि वर्ष कोठे एवढाच फरक बहुतेक वेळा असतो. एक भेद मात्र जाणून घ्यावा: एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार धर्मग्रंथाची वापरलेली आवृत्ती संदर्भसूचीत द्यावी लागते, तर शिकागो शैलीत बायबलसारख्या ग्रंथाचा दाखला सहसा मजकुरात किंवा तळटीपेतच देऊन भागते. विभागाने काहीच सांगितले नसेल तर सूचीत आवृत्ती द्यावी, कारण मराठी ग्रंथांना तिची गरज अधिक आहे. धर्मग्रंथ सूचीत ग्रंथनामाखाली लावावा, लेखकाच्या जागी ‘वेदव्यास’ किंवा ‘परमेश्वर’ लिहू नये. ‘संत’, ‘महाराज’, ‘माउली’ ही संबोधने मजकुरात वापरण्यात काही गैर नाही, पण सूचीच्या वर्णक्रमात ती नावाआधी आणली तर सगळे संत ‘स’ खाली जमा होतात आणि शोधणारा भांबावतो.

मजकुरात ‘देवाने सांगितले आहे’ असेही लिहू नये आणि ‘असे म्हणे देवाने सांगितले’ असेही लिहू नये. ‘कुराणात म्हटले आहे’, ‘गीतेनुसार’, ‘योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी हे शब्द आहेत’ ही वाक्यरचना श्रद्धावंताला दुखवत नाही आणि अभ्यासकाला फसवत नाही. स्वतःचा धर्म आणि दुसऱ्याचा धर्म या दोहोंसाठी हीच भाषा वापरली गेली पाहिजे. एका ग्रंथासाठी ‘सांगतो’ आणि दुसऱ्यासाठी ‘दावा करतो’ अशी क्रियापदे आली तर निबंधाचा तोल तिथेच जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यावर दंड ठेवलेला नाही, आणि योग्य संदर्भासह उद्धृत केलेला मजकूर साम्य मोजताना वगळावा असे म्हटले आहे. त्यामुळे साम्य वाढेल या भीतीने ओवीचे शब्द बदलण्याचे कारण नाही. ओवी, श्लोक किंवा वचन जसेच्या तसे, वेगळ्या ओळीत, जुन्या लेखनासह उतरवावे. ‘मऱ्हाटी’चे ‘मराठी’ किंवा ‘आतां’चे ‘आता’ करू नये. अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगितला असला तरी स्थाननिर्देश द्यावाच लागतो, कारण विचार उसना घेतला की संदर्भ आला.

जे छापलेले नाही त्याचे काय?

खानदेशातल्या धर्मजीवनाचा मोठा भाग कोणत्याच छापील ग्रंथात नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या देवीची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर अहिराणीत गाणी म्हटली जातात. ती गाणी घरागणिक वेगळी आणि गाणाऱ्या बाईगणिक कडव्यांची भर घालणारी असतात. अशा गाण्याचा दाखला देताना गाणाऱ्या व्यक्तीची संमती घेऊन तिचे नाव किंवा, ती नको म्हणत असेल तर, केवळ वय आणि गाव, ऐकल्याची तारीख, प्रसंग, आणि ध्वनिमुद्रण किंवा टिपणवही कोणाकडे आहे, एवढे नोंदवावे. कोण्या एका संग्रहात तसेच गाणे छापलेले असले तरी तुम्ही ऐकलेल्या पाठाच्या जागी तो छापील पाठ ठेवू नये. दोन्ही द्यावेत आणि भेद दाखवावा. कीर्तनात ऐकलेल्या दृष्टान्तालाही हीच रीत लागू पडते: तो त्या कीर्तनकारांचा, त्या गावातला आणि त्या तारखेचा संदर्भ आहे, तुकारामांचा नव्हे, जोपर्यंत गाथेत तो स्वतः पाहिलेला नाही.

अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी भाषेतले वचन निबंधात घेताना ते आधी त्याच भाषेत, ऐकले तसे देवनागरीत लिहावे आणि खाली मराठी अर्थ द्यावा. तो अर्थ तुम्ही केलेला असेल तर ‘अनुवाद : प्रस्तुत लेखक’ असे, आणि गाणाऱ्या आजींनी समजावून सांगितलेला असेल तर तसे, त्याच ओळीशेजारी लिहावे.